एओ कार्ड: बडोद्याच्या टेबलावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसी) आमचं पॅनेल बनवायचं छोटं शेड आहे. नंदेसरी, सावली, वाघोडिया, हालोल इथल्या कारखान्यांतली मेंटेनन्सची मुलं, पुण्या-नाशकाकडचे दोन-चार मित्र आणि कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकणारी पोरं फोनवर विचारतात, त्यातले पीएलसीच्या (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) अॅनालॉग आउटपुट, म्हणजे एओ कार्डाचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रात्री ताटावर बसल्यावर तेच ते उत्तर द्यायचा कंटाळा आला, हे खरं कारण. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तो क्रमांक दिला आहे. आपल्या कार्डाची डेटाशीट मात्र शेजारी उघडून ठेवा.

१. एओ कार्ड नेमकं करतं काय? एआयच्या (अॅनालॉग इनपुटच्या) उलट, एवढंच ना?

कामाची दिशा उलटी, हे बरोबर. प्रोग्रॅममधला आकडा घेऊन कार्ड त्याचा करंट किंवा व्होल्टेज बनवतं आणि बाहेर पाठवतं. बाहेर कंट्रोल व्हॉल्व्हचा पोझिशनर (सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह नेमका तितका उघडणारा) असेल, आय-टू-पी (करंटचं हवेच्या दाबात रूपांतर करणारा) असेल, मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल, नाहीतर हीटरची पॉवर कमी-जास्त करणारं थायरिस्टर पॅनेल.

पण जबाबदारी सारखी नाही. एआय चुकलं तर स्क्रीनवर खोटा आकडा दिसतो. एओ चुकलं तर वाफेचा व्हॉल्व्ह खरोखर उघडतो.

करंट आउटपुटबद्दल एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा: कार्डाला "१२ मिलिअँप दे" म्हटलं की तेवढा करंट वाहायला लागेपर्यंत ते आपलं व्होल्टेज वाढवत नेतं. वाढवायची मर्यादा संपली की हात टेकतं. खालचे निम्मे प्रश्न या एका वाक्यातून सुटतात.

२. सिग्नल ४ पासूनच का सुरू होतो? शून्यापासून का नाही?

शून्य टक्के आणि तुटलेली तार यांतला फरक कळावा म्हणून. ४ मिलिअँप आला तर "बंद राहा" असा निरोप आला. ० आला तर निरोपच आला नाही. दुसरा फायदा असा की त्या ४ मिलिअँपवर पोझिशनरचं इलेक्ट्रॉनिक्स जगतं, त्याला वेगळी पॉवर द्यावी लागत नाही. जुन्या हवेच्या सिग्नलमध्येही हेच होतं, ३ ते १५ पीएसआय. आय-टू-पी आजही ४-२० चं रूपांतर त्याच ३-१५ मध्ये करतो.

३. करंट घ्यावा की ०-१० व्होल्ट?

पॅनेलच्या आत, दोन-तीन मीटरवर ड्राइव्ह असेल तर व्होल्टेज चालेल. पॅनेलबाहेर तार जाणार असेल तर करंट घ्या, विचार करू नका. व्होल्टेजमध्ये तारेतला ड्रॉप, सैल टर्मिनल आणि दोन टोकांच्या अर्थिंगमधला फरक हे सगळं थेट सिग्नलमध्ये मिसळतं. करंट सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेने वाहतो, त्यामुळे तार लांब झाली तरी आकडा तोच राहतो. याला एक अपवाद आहे, तो प्रश्न ११ मध्ये.

४. प्रोग्रॅममध्ये किती आकडा टाकला की २० मिलिअँप मिळतो?

सीमेन्सच्या पीएलसीत २७६४८. रेंज ४-२० ठेवली असेल तर ० म्हणजे ४ मिलिअँप, १३८२४ म्हणजे १२ आणि २७६४८ म्हणजे २०. टक्क्यांना २७६.४८ ने गुणा की झालं.

"१६ बिटमध्ये ३२७६७ बसतात, मग २७६४८ का?" हा पाठोपाठ येणारा प्रश्न. वरची जागा ओव्हररेंजसाठी राखलेली आहे. ३२५११ पर्यंत कार्ड करंट वाढवत जातं, तिथे साधारण २२.८ मिलिअँप होतो. त्याच्याही पुढचा आकडा लिहिला तर सीमेन्सच्या एस७-३०० चं आउटपुट थेट शून्यावर पडतं. म्हणजे गणितात चूक होऊन आकडा फुगला, तर पूर्ण उघडायचा व्हॉल्व्ह अचानक सोडून दिला जातो. म्हणून स्केलिंगनंतर (टक्क्यांचा कार्डाला लागणारा आकडा बनवल्यावर) ० ते २७६४८ अशी लिमिट घालायचीच.

अॅलन ब्रॅडलीच्या जुन्या एसएलसी ५०० च्या करंट आउटपुट कार्डात ४ मिलिअँपला ६२४२ आणि २० ला ३१२०८ लागतात. एका ब्रँडचा प्रोग्रॅम बघून दुसऱ्याचा लिहिताना हेच आकडे घात करतात.

५. माझ्या सीपीयूवरचं एओ फक्त ०-२० चं आहे आणि व्हॉल्व्ह ४-२० मागतोय. नवीन कार्ड घेऊ का?

लगेच नको. सीमेन्सच्याच एस७-१२०० च्या १२१५सी सीपीयूवर अंगचे दोन एओ असतात, ते ०-२० मिलिअँपचेच. तिथे स्केलिंग ० पासून न करता ५५३० पासून करा: ० टक्क्याला ५५३०, १०० टक्क्याला २७६४८. पन्नास टक्क्याला १६५८९ येईल आणि मीटर १२ मिलिअँप दाखवेल.

मात्र यातली खोच लक्षात ठेवा. ४ मिलिअँपचा पाया आता तुमच्या प्रोग्रॅमवर उभा आहे, कार्डावर नाही. तो ब्लॉक एखाद्या अटीखाली स्किप झाला किंवा टॅगमध्ये ० पडला, तर बाहेर ० मिलिअँप जातो आणि पोझिशनर झोपतो. महत्त्वाचा व्हॉल्व्ह असेल तर ४-२० ची रेंज असलेलं कार्डच लावा.

६. १२ बिट आणि १६ बिट यांत फरक जाणवतो का? सेल्सवाला १६ बिटच घ्या म्हणतो.

कंट्रोल व्हॉल्व्हसाठी नाही जाणवत. ०-२० मिलिअँपचे १२ बिटमध्ये ४०९६ भाग होतात, एक पायरी ०.००५ मिलिअँपच्या आसपास. पोझिशनरचा डेडबँड (ज्या बदलाकडे तो दुर्लक्ष करतो तेवढा पट्टा) अर्धा टक्का धरला तर तो ०.०८ मिलिअँप झाला, म्हणजे कार्डाच्या सोळा पायऱ्या खाऊन मग व्हॉल्व्ह हलणार. दांड्याभोवतीचं ग्लँड पॅकिंग आवळून बसलेल्या व्हॉल्व्हची तर बातच सोडा. सर्व्होला ±१० व्होल्टचा वेगाचा सिग्नल द्यायचा असेल किंवा टेस्ट बेंच असेल, तर १६ बिटचे पैसे वसूल होतात.

कलाभवनातली मुलं तोंडी परीक्षेआधी हे हमखास विचारतात. (सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन, आताची एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी. आमच्याकडे अजून कुणी फॅकल्टी म्हणत नाही.) त्यांच्यासाठी: रिझोल्यूशन म्हणजे पायरी किती बारीक, अॅक्युरसी म्हणजे जिना योग्य जागी आहे की नाही. १६ बिटचं कार्डही अर्ध्या टक्क्याने चुकू शकतं.

७. डेटाशीटवर "लोड कमाल ५०० ओहम" लिहिलंय. आमचा व्हॉल्व्ह ९० टक्क्यांवर अडकतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

बहुतेक आहे, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण यात सगळेजण आधी व्हॉल्व्ह खोलून बसतात.

५०० ओहममधून २० मिलिअँप ढकलायला १० व्होल्ट लागतात. म्हणजे कार्ड किमान तेवढ्याची हमी देतंय. एस७-१२०० च्या एसएम १२३२ वर ही मर्यादा ६०० ओहम आहे, काही कार्डांवर ७५० असते. आता लूपमध्ये, म्हणजे करंट फिरतो त्या पूर्ण वाटेत, काय काय आहे ते एकेक करून मांडा.

एका नंदेसरीच्या मुलाने पाठवलेला लूप असा होता: कार्ड ५०० ओहमचं, मधे २८ व्होल्ट-३०० ओहमचा झीनर बॅरियर (स्फोटाचा धोका असलेल्या जागेत जास्त वीज जाऊ न देणारा) आणि पुढे आय-टू-पी. बॅरियरचा नावापुरता आकडा ३००, पण आतला फ्यूज वगैरे धरून टोकापासून टोकापर्यंत ३४० ओहम भरले. आय-टू-पीचे २००. बेरीज ५४०. कार्डाने १० व्होल्टवर हात टेकले तर करंट १८.५ मिलिअँपच्या वर जाणारच नाही, म्हणजे साधारण ९१ टक्के. खाली ९० टक्क्यांपर्यंत सगळं झकास, वर मात्र भिंत. ऑपरेटरला वाटतं व्हॉल्व्ह जॅम आहे.

स्मार्ट (आत मायक्रोप्रोसेसर असलेल्या) पोझिशनरला ओहमचं गणित सरळ लागू होत नाही. तो रेझिस्टरसारखा वागत नाही, करंट कितीही असला तरी जवळजवळ ठरलेलं व्होल्टेज खातो. डेटाशीटमध्ये हे व्होल्टमध्ये दिलेलं असतं किंवा "२० मिलिअँपवर इतके ओहम" असं. तो आकडा ९-१० व्होल्टच्या घरात असेल तर ५०० ओहमच्या कार्डावर बॅरियरला जागाच उरत नाही. मग झीनर बॅरियरऐवजी स्वतःची पॉवर असलेला आयसोलेटिंग बॅरियर लावायचा. पुढच्या लोडला लागणारं व्होल्टेज तो स्वतः देतो.

८. केबल ३०० मीटर आहे. १.५ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर) पुरेल की २.५ ओढू?

१.५ च्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२.१ ओहम. जाऊन-येऊन ६०० मीटर, म्हणजे सव्वासात ओहम. प्रश्न ७ च्या हिशोबात हे चिल्लर आहे. अर्ध्या स्क्वेअरच्या तारेतही बावीसच ओहम होतात. जाडीवर पैसे घालू नका, ट्विस्टेड पेअर आणि शील्डवर घाला.

९. दोनच तारा आहेत. ट्रान्समीटरसारखे बाहेरून २४ व्होल्ट सिरीजमध्ये द्यायचे ना?

नाही! टू-वायर ट्रान्समीटर (दाब, तापमान वगैरे मोजून पाठवणारा) करंट फक्त नियंत्रित करतो, पॉवर दुसऱ्याकडून घेतो. बहुतेक एओ कार्डं मात्र स्वतःच करंट पुरवतात. कार्डाचा प्लस पोझिशनरच्या प्लसला, मायनस मायनसला, बस्स. सिरीजमध्ये आणखी २४ व्होल्ट घुसवलेत तर चॅनेल जळू शकतो.

गोंधळ होतो तो कार्डाच्या स्वतःच्या पॉवरमुळे. बऱ्याच कार्डांना पुढच्या कनेक्टरवर वेगळे २४ व्होल्ट लागतात. ते नसतील तर कार्ड रॅकमध्ये दिसतं, प्रोग्रॅमला सापडतं, पण सगळे चॅनेल मेलेले. हे २४ व्होल्ट कार्डाचे, लूपचे नव्हेत. लूप कॅलिब्रेटर (मिलिअँप देणारं आणि मोजणारं हातातलं यंत्र) लावतानाही हाच विवेक: पोझिशनर हलवून बघायचा तर कॅलिब्रेटर "सोर्स" मोडला, कार्डाचा करंट वाचायचा तर "मेजर"ला.

१०. स्क्रीनवर ५० टक्के, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. कार्ड उडालं का?

आमच्या बाजूला साईटवरून फोन येतो तोच मुळी "कार्ड ऊडी गयुं छे" म्हणत. हातात मीटर घेईपर्यंत कार्ड उडालेलं नसतं, असं मी धरून चालतो.

आधी कार्डाचा दिवा आणि पुढचे २४ व्होल्ट बघा. मग फील्डच्या दोन्ही तारा कार्डावरून सोडवा आणि त्याच दोन टर्मिनलांमध्ये २५० ओहमचा रेझिस्टर लावा. माझ्या मीटरच्या पिशवीत असा एक कायम असतो, पाय कात्रीने सारखे कापून फेरूल मारलेला. त्यावर व्होल्टेज मोजायचं: ४ मिलिअँपला १ व्होल्ट, १२ ला ३, २० ला ५. स्क्रीनवर ५० टक्के असताना बरोबर ३ व्होल्ट आले तर कार्ड निर्दोष, पुढचा तपास फील्डमध्ये. शून्य आलं तर आधी कॉन्फिगरेशन: चॅनेल व्होल्टेजवर तर ठेवलेला नाही? करंट आणि व्होल्टेजची टर्मिनलं वेगळी असलेल्या कार्डात तार चुकीच्या टर्मिनलवर तर नाही? सिम्युलेशन किंवा फोर्स (प्रोग्रॅमला बगल देऊन हाताने बसवलेला आकडा) चालू राहिलंय का? इतकं झाल्यावरच कार्ड बदलायचं.

फील्डमध्ये गेल्यावर पहिल्यांदा हवा. आय-टू-पीच्या रेग्युलेटरचा गेज शून्यावर असेल तर विजेचा प्रश्नच नाही. मग पोझिशनरच्या टर्मिनलवर करंट मोजा (कसा, ते प्रश्न १२ मध्ये).

एक विचित्र प्रकार सांगतो. कार्डापाशी १२ मिलिअँप मिळतो, वायर ब्रेकचा अलार्म नाही, सगळं हिरवं; पोझिशनरपाशी मात्र शून्य. केबल ज्यातून आत शिरते त्या ग्लँडमध्ये केबल चेचून दोन तारा एकमेकींना लागलेल्या असतात. कार्डाला काय, १२ मिलिअँप वाहतोय ना, ते खूश. करंट आउटपुटला शॉर्ट सर्किट म्हणजे हलका लोड.

माझी स्वतःची फजिती: एका कारखान्यासाठी ऐन उत्तरायणाच्या दिवशी, अख्खं बडोदं धाब्यावर पतंग उडवत असताना, मी नवीन कार्ड स्कूटरवर घेऊन गेलो. कार्ड बदललं, तरी तेच. निघाला तो अर्ध्या अँपिअरचा फ्यूज टर्मिनल, झाकण नीट न बसलेला. उंधियू घरी गार झाला आणि जुनं कार्ड आजही शेडमध्ये डेमोसाठी चालतंय.

११. पावसाळ्यात व्हॉल्व्ह सिग्नलपेक्षा कमी उघडतो, ऑक्टोबरात आपोआप बरा होतो. असं का?

जंक्शन बॉक्समध्ये पाणी. प्रश्न ३ मध्ये म्हटलेला अपवाद तो हाच. सिरीजमधला रेझिस्टन्स करंट सिग्नलला बिघडवत नाही, पण दोन तारांमधली गळती बिघडवते.

आकड्यांत बघा. ६० टक्के म्हणजे १३.६ मिलिअँप. पोझिशनरवर साधारण १० व्होल्ट. ओल्या, हिरवट चढलेल्या टर्मिनल पट्टीवर प्लस आणि मायनसमध्ये ५ हजार ओहमची वाट तयार झाली, तर तिथून २ मिलिअँप परस्पर परत फिरतो. पोझिशनरला मिळतो ११.६, म्हणजे साडेसत्तेचाळीस टक्के. कार्डापाशी मीटर १३.६ दाखवणार, कारण गळती कार्डाच्या पुढे आहे. म्हणून दोन्ही टोकांना एकाच वेळी मोजा. फरक आला की मधले बॉक्स उघडत चला. वरून ग्लँड घेतलेला बॉक्स सगळ्यात आधी.

१२. लूप न तोडता करंट मोजता येतो का? तार सोडली की व्हॉल्व्ह सुटतो आणि शिफ्टवाला ओरडतो.

पॅनेल बनतानाच टेस्ट डायोडचं टर्मिनल लावून घेतलं तर येतो. नेहमी करंट डायोडमधून जातो. मिलिअँपवर ठेवलेला मीटर डायोडच्या दोन बाजूंना लावला की मीटरचा ड्रॉप डायोडपेक्षा खूप कमी असल्याने सगळा करंट मीटरमधून वळतो. मीटर काढा, पुन्हा डायोडमधून. व्हॉल्व्हला पत्ताही लागत नाही. हा डायोड ०.७ व्होल्टच्या आसपास खातो, तो प्रश्न ७ च्या बेरजेत धरा. नाहीतर चांगला मिलिअँप क्लॅम्प मीटर.

एक ताकीद: मिलिअँपवर ठेवलेला मीटर ०-१० व्होल्टच्या आउटपुटवर टेकवू नका. ते सरळ शॉर्ट आहे.

१३. वायर ब्रेक डायग्नोस्टिक चालू केलंय. कधी तार काढली तरी येत नाही, कधी सगळं ठीक असताना येतं.

कार्ड तार बघत नाही, ते फक्त "मी जोर लावूनही करंट वाहत नाही" एवढंच ओळखतं. आउटपुट ० मिलिअँपच्या आसपास असेल तर जोरच लावलेला नसतो, मग तुटलेली तार कशी कळणार? ४-२० मध्ये हा त्रास सहसा येत नाही, ०-२० मध्ये येतो.

ठीक असताना, आणि तेही फक्त ८५-९० टक्क्यांच्या वर येत असेल, तर तार तुटलेली नाही. लोड जास्त झालाय. प्रश्न ७ कडे जा. रिकाम्या चॅनेलवर येत असेल तर तो चॅनेल कॉन्फिगरेशनमध्ये बंद करा.

१४. सीपीयू स्टॉपमध्ये गेला तर आउटपुटचं काय होतं?

तुम्ही जे निवडलं असेल ते. साधारण तीन पर्याय: आउटपुट सोडून देणं (० मिलिअँप), शेवटचा आकडा धरून ठेवणं किंवा ठरवलेला आकडा देणं. कुणी हात लावलेला नसेल तर कोणता, ते आपल्या डेटाशीटमध्ये बघा.

हा निर्णय पॅनेलवाल्याने एकट्याने घ्यायचा नाही, प्रोसेसवाल्यांना विचारायचा. रिअॅक्टरच्या जॅकेटला वाफ देणारा व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद व्हावा, थंड पाण्याचा उघडावा. "शेवटचा आकडा धरा" हा पर्याय सोयीचा वाटतो, पण गरम होत चाललेल्या भांड्यावर तो धोक्याचा आहे. शिवाय कार्डाचीच पॉवर गेली तर यातलं काहीच लागू नाही, तेव्हा फक्त स्प्रिंग आणि हवा. म्हणून खरी सुरक्षित स्थिती व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये असते. कार्डाची सेटिंग तिच्याशी जुळवायची.

छोटी गोष्ट: ० मिलिअँप दिला की स्मार्ट पोझिशनर बंद पडतो आणि सिग्नल परत आल्यावर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. सुरक्षितता बिघडत नसेल तर ठरवलेला आकडा ४ मिलिअँप ठेवा.

१५. फेल-ओपन (सिग्नल किंवा हवा गेली की उघडणाऱ्या) व्हॉल्व्हला सिग्नल उलटा द्यावा लागतो. तो प्रोग्रॅममध्ये उलटवू की पोझिशनरमध्ये?

कुठेही एकाच जागी, आणि ती जागा लूप ड्रॉइंगवर लिहा. ऑपरेटरच्या स्क्रीनवर १०० टक्के म्हणजे उघडा, हे मात्र सगळ्या प्लांटमध्ये एकच ठेवा. मी एओच्या स्केलिंगमध्ये उलटवतो: ४ मिलिअँपला पूर्ण उघडा, २० ला बंद. मग तार तुटून ० झालं तरी व्हॉल्व्ह त्याच दिशेने जातो ज्या दिशेने ४ ला जात होता. मीटर हातात घेतलेल्या माणसाचा गोंधळ होत नाही. शटडाउनमध्ये पोझिशनर बदलला आणि नव्यात कुणी "सोयीसाठी" पुन्हा उलटवलं, की दोन उलटे मिळून सरळ होतात आणि लूप पळत सुटतो.

१६. एकाच आउटपुटवर दोन व्हॉल्व्ह चालतील का? कार्डात चॅनेल शिल्लक नाही.

करंट असेल तर दोघांना सिरीजमध्ये घ्या, पॅरलल कधीच नाही. पॅरललमध्ये करंट वाटला जातो. एकाला ४-१२ आणि दुसऱ्याला १२-२० लावून स्प्लिट रेंज जमते. पण दोघांचं व्होल्टेज बेरजेत धरावं लागतं आणि दोन स्मार्ट पोझिशनर असतील तर प्रश्न ७ प्रमाणे बहुधा बसत नाही. एक तार तुटली की दोघं एकदम जातात, ते वेगळंच. माझं मत: चॅनेल वाढवा, स्प्लिट प्रोग्रॅममध्ये करा.

सिरीजमध्ये ड्राइव्ह आणि रेकॉर्डर घ्यायचे असतील तर आधी बघा की दोघांचे मायनस आतून अर्थला जोडलेले नाहीत ना. तसं असेल तर वरचा करंट खालच्याला टाळून अर्थमार्गे परततो आणि रेकॉर्डर शून्य दाखवतो. मधे सिग्नल आयसोलेटर लागतो.

१७. ड्राइव्हचा वेग सारखा डुलतो, ४९.२, ५०.१, ४९.६. एओ खराब आहे?

ड्राइव्हवरचा व्होल्टेज-करंटचा स्विच किंवा जंपर आधी तपासा. कार्ड ४-२० देतंय आणि ड्राइव्ह ०-१० वर बसलाय, असं दर महिन्याला एक तरी निघतं. ड्राइव्हला करंट इनपुटच नसेल तर इनपुटवर ५०० ओहमचा रेझिस्टर लावा, ४-२० चे २-१० व्होल्ट होतात. ड्राइव्हमध्ये खालची मर्यादा २ व्होल्टला बांधा.

स्विच बरोबर असेल तर केबलचा मार्ग बघा. मोटरची केबल आणि सिग्नल एकाच ट्रेमध्ये असतील तर कुठलंच कार्ड वाचवणार नाही. शील्ड पॅनेलच्या बाजूला अर्थ करा, दुसऱ्या टोकाला कापून स्लीव्ह चढवा. तरीही डुलत असेल तर कार्डावर २५० ओहम लावून बघा (प्रश्न १०). तिथेही डुलत असेल तर पीआयडीच (आउटपुट सतत कमी-जास्त करणारा प्रोग्रॅममधला कंट्रोल ब्लॉक) तो डोलारा हलवतोय. मॅन्युअलमध्ये टाका आणि बघा थांबतो का.

१८. हार्ट कम्युनिकेटर पोझिशनरशी बोलतच नाही. ट्रान्समीटरशी नीट बोलतो.

हार्ट म्हणजे ४-२० च्या त्याच दोन तारांवर डिजिटल माहिती पाठवायची पद्धत. हार्टचा सिग्नल १२०० आणि २२०० हर्ट्झचा असतो आणि तो उमटायला लूपमध्ये किमान २३० ओहमच्या आसपास अडथळा दिसावा लागतो. ट्रान्समीटरच्या लूपमध्ये एआयचा २५० ओहमचा रेझिस्टर आयता असतो. साधं एओ कार्ड मात्र आउटपुटवरच्या फिल्टरमुळे हे हर्ट्झ गिळून टाकतं. हार्टवालं एओ कार्ड घ्या, नाहीतर सिरीजमध्ये हार्ट फिल्टर.

"२५० ओहमचा रेझिस्टर टाकला तर?" कधी कधी बोलू लागतो. पण २० मिलिअँपला तो ५ व्होल्ट खातो. काम झाल्यावर तो तिथेच राहिला तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी मला फोन करून सांगणार, की व्हॉल्व्ह ९० टक्क्यांच्या वर जात नाही.